एन्झाईम डब्यात मिळत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

जत्रांच्या कुस्त्या जवळ आल्या की येळ्ळूर, कंग्राळी, खानापूर सगळीकडं पोरांची मेहनत वाढते, चांगलंच आहे, पण हल्ली काही जिममध्ये "मसल एन्झाईम वाढवतंय" म्हणून गोळ्या नि पावडरी खपवायलेत आणि शेतात राबणाऱ्या आईबापाचे पैसे त्यात जायलेत, म्हणून हे पत्र.

एन्झाईम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीनच की हो. तोंडातून गेलं की पोटात त्याचे तुकडे होणार, ते जसंच्या तसं मांडीच्या स्नायूत जाऊन कामाला लागत नाही. पचनासाठी डॉक्टर देतात त्या गोळ्या वेगळ्या, त्यांचं काम आतड्यातच असतंय.

पोरगं बैठका मारायला लागलं की पहिले काही सेकंद क्रिएटिन कायनेज हे एन्झाईम एटीपी (स्नायूचं इंधन) भरून देतंय, स्नायू आवळताना कॅल्शियम सुटतंय त्यानं ग्लायकोजेन फॉस्फोरायलेज हे एन्झाईम चालू होतंय आणि साठवलेली साखर फुटायला लागते, वरनं त्याला जोर द्यायला ॲड्रेनलिन हे हार्मोन असतंच. एटीपी खर्च होऊन एएमपी (त्याचा उरलेला भाग) वाढलं की एएमपीके हे एन्झाईम जागं होतंय आणि चरबी जाळायला लावतंय. शिवाय राबणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, शुगरवाल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

हे झालं आहे तेच एन्झाईम चालू करणं. त्यांचा साठा वाढायला मात्र आठवडे लागतात. 1967 साली अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं तर त्यांच्या स्नायूतल्या मायटोकॉन्ड्रियाची (पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्यांची) एन्झाईम जवळपास दुप्पट झालेली दिसली, कुठली पावडर न देता. मेहनत सोडली की तो साठा काही आठवड्यात परत उतरतो, म्हणून जत्रेपुरती तालीम करणाऱ्या पोरांचा दम दुसऱ्याच कुस्तीत सुटतो (नि दोष खुराकाला!).

आणखी एक, दुसऱ्या दिवशी अंग दुखतंय ते लॅक्टिक ॲसिडमुळं असं वस्तादापासून ट्रेनरपर्यंत सगळे सांगतात. लॅक्टेट (म्हणजे हेच ॲसिड) तासा-दोन तासात खाली येतंय, दुखतंय ते स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळं, त्यामुळं "ॲसिड काढणारं" सरबतही घेऊ नका.

आपल्या पेपरात असल्या डब्यांच्या जाहिराती येतात, त्या छापण्याआधी एखाद्या डॉक्टरला दाखवाव्यात एवढी विनंती.

एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव