ऑस्लोच्या काकांना, उशिरा का होईना, थँक्यू

काका, नमस्कार! तुम्ही नाव टाकू नकोस म्हणून बजावलंय त्यामुळे नुसतं काका, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

जानेवारीत तुम्हाला पाठवलेली ती एक्सेल शीट काल परत उघडली आणि माझीच मला लाज वाटली. सायकलने ऑस्लो ते नॉर्डकाप (नॉर्वेचं पार उत्तरेकडचं टोक), साधारण 2000 किमी, 19 दिवस, रोज 105 किमी आणि विश्रांतीचा दिवस एकही नाही. तुम्ही त्यावर एकच ओळ लिहिलीत, "वाऱ्याला विचारलंस का गं?" मला जाम राग आला होता, खरं सांगते. मग रात्री तुमचा अर्ध्या तासाचा फोन, आणि फोन संपेपर्यंत माझ्या दोन हजारातले सोळाशे गायब. विमानाने थेट उत्तरेतलं आल्टा शहर, तिथून सायकलने नॉर्डकाप साधारण 240 किमी सहा दिवसांत, मग जवळच्या होनिंग्सवोग बंदरातून किनाऱ्याची बोट पकडून स्वोल्वेर आणि लोफोटेन बेटांवर रमतगमत पार ओ गावापर्यंत. (एका अक्षराचं गाव, मी तर पाटीसमोर तीन फोटो काढले.)

पहिल्याच दिवशी सेनालांडेटच्या पठारावर समोरून वारा आला तेव्हा मी आणि मैत्रीण उतारावरसुद्धा पेडल मारत होतो, ताशी आठ किमी! त्या दिवशी 45 किमीवर तंबू ठोकला आणि तुमची आठवण काढली. तंबू कुणाच्याही घरापासून दीडशे मीटर लांब आणि एका जागी दोनच रात्री, हा नियम तुम्ही इतक्या वेळा घोकून घेतला होतात की मैत्रीण पावलं मोजत बसली, आजूबाजूला घर सोडाच, नुसती रेनडिअर.

बारीक बारीक गोष्टी तर किती. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही आणि रविवारी मोठी दुकानं बंद, म्हणून तुम्ही आमचं शनिवार रात्रीचं तिकीट शुक्रवारवर आणायला लावलंत. एक जास्तीचा डिरेल्युअर हँगर (मागचा गिअर सायकलला जोडणारा छोटा तुकडा) घ्यायला लावलात, मी म्हटलं कशाला तीनशे-चारशे ग्रॅमची काटकसर चाललीय आणि हे भलतंच, पण आल्टाला सायकलचा खोका उघडला तर माझा हँगर वाकडा. आणि हो, भरलेल्या पॅनिअरसकट (सायकलला लटकवायच्या बॅगा) सिंहगड चढवायला लावलात ते तेव्हा छळ वाटलं होतं, सॉरी.

पण खरे आभार त्या बोगद्याचे. नॉर्डकापचा बोगदा जवळजवळ 7 किमी लांब, समुद्राच्या पातळीखाली 212 मीटर, दोन्ही बाजूंना नऊ टक्क्यांपर्यंत चढउतार, हे सगळं मी वाचलं होतं. आतून एक ट्रक आला की विमान अंगावर येतंय असं वाटतं हे कुठेच वाचलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, दिवसा जाऊच नका, जुलैत सूर्य मावळत नाही तर रात्री दोनला जा, टूरिस्ट बस आणि कॅराव्हॅन झोपलेल्या असतात. तसंच केलं. आख्ख्या बोगद्यात दोनच गाड्या भेटल्या. उतरताना अशी थंडी की दात वाजत होते, आणि काकूंनी विणलेले ते जाड हातमोजे नसते तर ब्रेक दाबायला बोटंच राहिली नसती. वर चढून बाहेर आलो तर पहाटे तीनला लख्ख ऊन, आम्ही तिथेच रस्त्याकडेला बसून तपकिरी चीजचं सँडविच खाल्लं. तुम्ही म्हणता तसं ते थेट कंदी पेढ्यासारखं नाही लागत हं, पण नात्यातलंच आहे, चुलत वगैरे.

नॉर्डकापला पोचलो तर धुकं. काहीच दिसलं नाही. तो लोखंडी पृथ्वीचा गोल पण दहा पावलांवर गेल्यावर दिसला, आणि एक्सेलप्रमाणे चालले असते तर बहुतेक रडले असते, पण तुम्ही जास्तीचा दिवस ठेवला होतात म्हणून दुसऱ्या रात्री परत गेलो आणि तेव्हा सगळं उघडलं.

काकूंचे हातमोजे अजून माझ्याकडेच आहेत. कुरियर करणार नाहीये. दिवाळीत सांगलीला जाताना पुण्यात उतरा आणि घेऊन जा, पोहे मी करते, भडंग मात्र येताना तुम्ही आणायची.