चटणीला बुरशी येते ती ओलीनं, कुणाच्या शिवण्यानं नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्षाची चटणी करायचे दिवस आले. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिरचीची पोती लागली आहेत, गच्च्यांवर साड्या-धोतरं अंथरली जात आहेत आणि डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या यंत्रावर, नंबर लागू लागले आहेत. वर्तमानपत्रांतून दर उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणीचं साहित्य आणि प्रमाण छापून येतं. ते बरोबरच असतं. पण चटणी बिघडते ती प्रमाणानं नाही, आणि ज्या कारणानं बिघडते ते मात्र कुठंच छापलेलं नसतं. म्हणून हे पत्र.

आषाढ-श्रावणात भिंतींना ओल सुटलेली असते. एक दिवस बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, म्हणजे दादरा, सोडून बरणीत चमचा घालावा तर चटणीचा गोळाच वर येतो, त्यावर पांढरी-हिरवी जाळी. घरातला पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाचा हात लागला गं बरणीला?" या प्रश्नाचा अर्थ प्रत्येक बाईला कळतो. पाळीत शिवलीस का, असंच ते विचारणं असतं. नवी सून असेल तर तिच्याकडे बघितलं जातं, सून जुनी झाली असेल तर कॉलेजला जाणाऱ्या नातीकडे. एवढ्यावरून पोरी महिन्यातले चार दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहतात, आणि चटणी तरीही बिघडते. पाळीचा आणि बुरशीचा काडीचाही संबंध नाही. बुरशीला पाणी लागतं. ते चटणीत कुठून आलं, एवढंच शोधायचं असतं.

हिशेब करून बघा. किलोभर मिरचीला आपल्याकडं साधारण अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, शंभर-सव्वाशे ग्रॅम तीळ, पाव किलोच्या आत खडे मीठ आणि लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलदोडा, शहाजिरं, दगडफूल, नागकेशर, जायपत्री असा खडा मसाला. कांद्यात शंभराला सत्त्याऐंशीच्या आसपास पाणीच असतं, लसणात साठाच्या वर. म्हणजे किलोमागं अर्ध्या लिटरहून जास्त पाणी फक्त कांद्या-लसणातून येतं. चार किलो मिरची करणाऱ्या घरात ते दोन लिटरच्या वर गेलं. हे सगळं पाणी चटणी डंकावर नेण्याआधी गेलं पाहिजे. आलं आणि कोथिंबीर घालणाऱ्यांनी त्यांचंही पाणी यात धरावं.

म्हणून कांदा पातळ, एकसारखा चिरा. जाड-बारीक चिरला की बारीक काप करपतात आणि जाड आतून ओले राहतात. दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग तेलात मध्यम आचेवर तांबूस होईपर्यंत तळा आणि कागदावर पसरा. गार झाल्यावर एक काप दोन बोटांत दाबा. चुरचुरला तर झाला. वाकला, चिवट लागला तर परत कढईत. गरम असताना सगळाच कांदा मऊ लागतो, तेव्हा ही परीक्षा गार झाल्यावरच घ्यायची. लसणाच्या पाकळ्यांना एक-दोन उन्हं दाखवून त्या तेलावर कोरड्या होईपर्यंत भाजा. काही घरांत वासासाठी लसूण कच्चाच ठेचून घालतात. तो वास खरंच वेगळा येतो, पण ती चटणी वर्षाची नव्हे. तेवढी महिन्याभराची वेगळी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

आता मिरची. संकेश्वरी तिखटाला आणि ब्याडगी रंगाला हे घरोघरी पाठ आहे. निम्मी-निम्मी घ्यायची की संकेश्वरी जास्त, यावर जावाजावांत दरवर्षी वाद होतो. एकीला रंग हवा असतो, दुसरी म्हणते, "झणका न्हाई तर चटणी कशाला म्हणायचं?" दोघींचंही खरं आहे. ते घरच्या जिभेवर ठरू द्या. ओलीचं मात्र जिभेवर ठरत नाही. मिरची वाटेत चुरू नये म्हणून तिच्यावर पाणी मारलेलं असू शकतं. कोल्ड स्टोरेजमधून काढलेल्या थंड मालावर बाहेरच्या उष्ण हवेतली वाफ धरते. हाताला कोरडी वाटणारी मिरचीही म्हणूनच आतून दमट निघते. एक-दोन मिरच्या मधोमध फोडून बघा. आत राखाडी धागे दिसले, बिया काळ्या पडलेल्या असल्या तर ते पोतं सोडा, भाव कितीही उतरलेला असला तरी.

वाळवताना देठ ठेवा. आधी देठ खुडले तर बिया सांडतात, आणि दमट मिरचीचा देठ नीट निघतही नाही. वर पातळ सुती कापड टाका. उघड्या उन्हात रंग उडतो आणि रस्त्याची धूळ बसते ती वेगळीच. संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत गोळा करून पोत्यात बांधा. रात्रभर गच्चीवर राहिली तर दिवसभराचं वाळवण फुकट जातं. ब्याडगीच्या सुरकुत्यांत ओल दडते, तिला संकेश्वरीपेक्षा एखादं ऊन जास्त लागतं, म्हणून दोन्ही एकत्र पसरू नका.

किती दिवस वाळवायची, असं सगळेच विचारतात. दिवस मोजू नका, वजन करा. घरच्या काट्यावर सकाळी आणि संध्याकाळी एकच पिशवी तोला. दमट माल असेल तर किलोमागं शंभर ग्रॅमपर्यंत घट येते. दिवसभर ऊन देऊनही काटा हलला नाही की मिरची वाळली. मूठभर उचलून हलवली की बिया खुळखुळ वाजतात आणि वाकवली की कडकन मोडते.

वळवाचं काय करायचं, हेही सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि गच्चीवर पोचेपर्यंत निम्मी मिरची भिजलेली असते. भिजलेली आणि कोरडी तिथल्या तिथं वेगळी करा. भिजलेली रात्रभर ढिगात ठेवू नका, पंख्याखाली एकेरी पसरा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या उन्हाला बाहेर काढा. दोन दिवसांनी जी मऊच राहिली किंवा काळपट पडली ती टाका. चार मिरच्या वाचवायला गेलं की चार किलोवर पाणी पडतं.

भाजण्याची वेळ ही शेजाऱ्यांशी संबंध ठेवण्याचीही वेळ असते. अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर मिरची कढईत पडली की चौथ्या मजल्यावरचे आजोबा ठसक्यानं उठून बसतात, जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस डोळे पुसत "कुणाकडं चटणी?" असं विचारतो. आदल्या दिवशी शेजारी सांगून ठेवा. घरात किंवा शेजारी दम्याचा पेशंट किंवा तान्हं मूल असेल तर भाजण गच्चीवर न्या. आच मंद ठेवा, कढईला तेलाचं बोट फिरवा आणि थोडी थोडी मिरची घाला. धूर निघाला म्हणजे मिरची करपायला लागली, त्या करपण्याचा कडवटपणा वर्षभर कालवणात उतरतो. हाताची आग झाली तर नुसत्या पाण्यानं धुऊन उपयोग नाही. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी खोबरेल चोळा, ते पुसून काढा आणि मग साबण लावा. डोळ्यात गेलं तर मात्र तेल-बिल काही नको, भरपूर साधं पाणी.

खडे मीठही कोरड्या कढईत परतून घ्या. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं, ते आधीच दमट असेल तर विचारायलाच नको. रक्तदाबामुळं मीठ कमी केलेल्या घरांनी एक लक्षात ठेवावं. मीठ चटणी टिकवतंही, त्यामुळं कमी मिठाची चटणी बाहेर वर्षभर राहील असं धरू नका, ती फ्रिजमध्येच ठेवा. खोबरं घेताना वाटी मोडून वास घ्या. आतून पिवळसर, खवट वाटलं तर बदला. ओल नसतानाही चटणीला चार महिन्यांत वास मारतो, तो बहुतेक वेळा या खोबऱ्याचा असतो.

डंकावर आल्यावर काय करायचं ते आम्हा कांडपवाल्यांनीच सांगायला हवं, आणि गर्दीत ते राहून जातं. तुमच्या आधी उखळात काय कुटलं हे विचारा. शिकेकाई किंवा हळद कुटली असेल तर उखळ आणि चाळण पुसून घ्यायला लावा, त्यात संकोच धरू नका. आधी मिरची आणि मीठ, मग धणे आणि खडा मसाला, तेलकट कांदा, लसूण, खोबरं सगळ्यात शेवटी. ते आधी पडलं तर चाळण बुजते आणि मग कुटणारा चाळणीवर जोरात हात मारत बसतो. डबे सगळ्यांचे सारखेच स्टीलचे असतात. दरवर्षी कुणाची तरी चटणी कुणाच्या तरी घरी जाते आणि तीन आठवड्यांनी जेवताना कळतं की ही आपली नव्हे. डब्याच्या कडीला रंगीत दोरा बांधा, झाकणावर आणि डब्यावर दोन्हीकडं नाव लिहा, कारण झाकणंही बदलतात.

आणि आता ज्यात सगळ्यात जास्त चटण्या वाया जातात ती चूक. डंकाच्या घणानं चटणी गरम होते. ती गरम चटणी डब्यात भरून, झाकण घट्ट लावून घरी नेली की आतली वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन परत चटणीवर पडते. बुरशी पहिल्यांदा वरच्या थरावर दिसते त्याचं हे कारण. डंकावरून आणलेली चटणी घरी लगेच स्वच्छ कापडावर पसरा, वर पातळ कापड टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी तळापर्यंत हात घाला. कुठंही कोमट लागता कामा नये. डंकवाल्या बांधवांनीही घाईच्या दिवसांत "घरी गेल्यावर डबा उघडा" एवढं प्रत्येकीला सांगावं, त्याला वेळ लागत नाही.

भरताना बरणी दाबून दाबून भरा, आत हवा राहू देऊ नका. वर हिंगाचे खडे आणि भाजलेल्या मिठाचा थर देण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे. किलो मिरचीची दोन-सव्वादोन किलो चटणी पडते. त्यातली पावसाळ्यापुरती बाहेर ठेवून उरलेली फ्रिजमध्ये ठेवली तर रंगही टिकतो आणि बारीक तपकिरी किडेही होत नाहीत. पुण्याला नोकरीला असलेल्या पोराला पाठवायची असेल तर पूर्ण गार झालेली चटणी दुहेरी पिशवीत हवा काढून भरा आणि मग डब्यात घाला. त्याला फोनवर एवढंच बजावा की पिशवीत ओला चमचा घालायचा नाही.

हात लागल्यानं चटणी बिघडते यात तेवढं खरं आहे: ओला हात. तो बहुतेक वेळा भाकरीबरोबर कोरडी चटणी घ्यायला आलेल्या घरातल्या पुरुषाचा किंवा पोराचा असतो. नाहीतर रस्सा रटरटत असतो, त्याच्यावरच बरणी धरून चटणी घातली जाते आणि पातेल्याची सगळी वाफ बरणीत जाते. रोजच्या वापराला पाव किलोचा छोटा डबा ठेवा. मोठी बरणी आठवड्यातून एकदा, पाऊस उघडलेला असताना, दुपारी उघडा.

बुरशी आलीच तर वरचा थर काढून खालची वापरू नका. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या खूप खाली गेलेले असतात, आणि मिरचीवरची काही बुरशी जे विष तयार करते ते ऊन दिल्यानं किंवा फोडणीत परतल्यानं जात नाही. जीव हळहळतो, चार-पाच हजारांचा माल आणि महिन्याचे कष्ट असतात, तरीही टाकायची. जनावरांनाही घालू नका. बरणी गरम पाणी आणि सोड्यानं धुवा, दोन दिवस उन्हात उपडी ठेवा आणि चिनी मातीच्या बरणीला आतून तडे असतील तर त्यात परत चटणी भरू नका, त्या तड्यांत ओल राहते. गेल्या वर्षीची चांगली चटणी उरली असेल तर ती नव्या चटणीत मिसळू नका, आधी संपवा.

आपला,
एक कांडप व्यावसायिक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर