तो दोर, ती लिफ्ट आणि तुझा राग

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला आणि रिप्लाय टाइप करायला घेतला तर तो लांबतच गेला, म्हणून हे पत्रच समज. 'एलिव्हेटर टू द गॅलोज' हा सिनेमा तू अर्ध्यात बंद केलास, का तर म्हणे "एवढा प्लॅन करणारा माणूस दोर विसरतो, काहीही!" अरे पण तीच तर गंमत आहे ना. त्यातला हिरो ज्युलिअन पॅराट्रूपर, म्हणजे पॅराशूटनं उतरणारा सैनिक होता, युद्धं बघून आलेला, आकडा लावलेल्या दोरानं एक मजला चढून बॉसला, म्हणजे आपल्या प्रेयसीच्या नवऱ्याला, त्या बॉसच्याच पिस्तुलानं मारतो, आत्महत्येचा बनाव करतो, वर सेक्रेटरी आणि वॉचमनबरोबर साळसूदपणे बाहेर पडतो, आणि गाडीत बसल्यावर वर बघतो तर दोर लटकतोय. असं होतं रे माणसाचं. तू गॅस बंद केलाय का बघायला तीनदा घरी परत जातोस, तू तरी बोलू नकोस.

पटकथेत भोकं आहेत, नाही म्हणत नाही. पॅरिसच्या भर रस्त्यावर दिवसाउजेडी एक माणूस इमारतीला लोंबकळतोय आणि कुणाची मान वर जात नाही? दुसरं म्हणजे गाडी चालू ठेवून, कोट, स्वतःचं पिस्तूल सगळं आत टाकून कोण जातं? आणि सगळ्यात मोठं भोक तू पाहिलंच नाहीस, कारण तोवर तू टीव्ही बंद केला होतास. तो दोर पुढे आपला आपणच खाली पडतो आणि एक छोटी मुलगी तो उचलून निघून जाते! का पडला, कसा पडला, काही नाही. मी पहिल्यांदा जाम चिडलो होतो. पण मग डोक्यात आलं, म्हणजे हा परत गेलाच नसता तरी चाललं असतं की! ज्या दोरासाठी तो लिफ्टमध्ये शिरला आणि वॉचमननं मेन स्विच बंद केल्यावर रात्रभर अडकला, तो दोर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून कधी येतच नाही.

इकडे एक टपोरी पोरगा आणि त्याची मैत्रीण ज्युलिअनची गाडी पळवतात, मोटेलमध्ये ज्युलिअनच्याच नावानं रूम घेतात आणि तो पोरगा ज्युलिअनच्याच पिस्तुलानं एका जर्मन जोडप्याला मारतो. सकाळी हा बाहेर येतो तर पेपरात ह्याचाच फोटो. खून केलाय त्यानंच, पण दुसरा. आणि अॅलिबाय, म्हणजे मोटेलच्या खुनाच्या वेळी आपण तिथे नव्हतो ह्याचा पुरावा, म्हणजे ती लिफ्ट, आणि ती आहे जिथे त्यानं बॉसचा खून केला त्याच बिल्डिंगमध्ये. पोलिसांना लिफ्टचं सांगतो तर ते विश्वासच ठेवत नाहीत. खरं सांगितलं तरी अडकला, नाही सांगितलं तरी अडकला.

(सिनेमाच्या मूळ फ्रेंच नावातला शब्द गिलोटिनच्या चौथऱ्यासाठीचा आहे, 'गॅलोज' म्हणजे फाशीचा खांब, तो फास इंग्रजीवाल्यांनी घातला. सहज सांगितलं.)

दिग्दर्शक लुई माल तेव्हा जेमतेम 25 वर्षांचा होता रे, 1958 चा सिनेमा. ज्युलिअनची प्रेयसी, म्हणजे बॉसची बायको झालेली ज्यान मोरो, रात्रभर ज्युलिअनला शोधत भटकते, तो शॉट दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडावर घेतलाय, कॅमेरा बाबागाडीत ठेवून. आणि जॅझवाल्या माइल्स डेव्हिसनं सीन बघत बघत वाजवलेला ट्रम्पेट. मोरोला वाटतं ज्युलिअन दुसरीला घेऊन पळाला, कारण त्याची गाडी शेजारून जाताना तिला आत ती पोरगी दिसलेली असते. एवढ्या एका नजरेवर पूर्ण रात्र. इथे मला भोकं-बिकं काही सुचत नाहीत, मी नुसता बघत बसतो.

आता शेवट सांगूनच टाकतो, तू काही परत लावणार नाहीस. गाडीत ज्युलिअनचा छोटा कॅमेरा असतो. त्या पोरांचे जर्मन जोडप्याबरोबरचे फोटो त्याच रोलवर निघतात, म्हणजे मोटेलच्या खुनातून ज्युलिअन सुटतो. पण त्याच रोलवर त्याचे आणि मोरोचे मिठीतले फोटोही असतात. म्हणजे ज्यानं सोडवलं त्यानंच पकडून दिलं. आता तू म्हणशील खुनाला निघालेला माणूस असला रोल गाडीत ठेवतो का, तर हो, हे भोक दोरापेक्षा मोठं आहे, मान्य. पण मला ते बुजवायचंच नाहीये. कारण बंड्या, अख्ख्या सिनेमात ते दोघं एकदाही समोरासमोर येत नाहीत, सुरुवातीला फोनवर बोलतात तेवढंच. एकत्र दिसतात ते फक्त त्या डेव्हलपिंगच्या ट्रेमध्ये, पाण्याखालून हळूहळू वर येताना, हसत.

तुझाच,
मी