टॉवर कापायचा नाही, पिव्हट हलवायचा

फोंडा, गोवा
रविवार

प्रिय सुहास,

तुझं पत्र चवथीच्या गडबडीत आलं. माटोळी उतरली, मुंबईची मंडळी परत गेली आणि आज गॅरेजमध्ये बसून ते सावकाश वाचलं. तू काढून पाठवलेली क्रॉसमेंबरची (पुढच्या आडव्या तुळईची) आकृती सुरेख आहे, तुझा हात अजून डिप्लोमाच्या ड्रॉइंग हॉलमध्ये होता तसाच आहे. पण मामांच्या 1966 च्या फोर्ड मस्टँगच्या पुढच्या सस्पेन्शनबद्दलचा तुझा सल्ला मी मानणार नाही. का, ते सविस्तर लिहितो, कारण पुढचं अर्धं काम तुझ्या लेथवर व्हायचंय आणि ते तुला पटल्याशिवाय मी तुझ्याकडून करून घेणार नाही.

तू म्हणतोस, दोन्ही शॉक टॉवर, म्हणजे इंजिनाच्या दोन बाजूंना स्प्रिंग पेलणारे उभे खांब, कापून टाक, खाली नंतरच्या मस्टँग टू मॉडेलच्या धर्तीचा क्रॉसमेंबर घाल, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग बसव. इंजिनाच्या बाजूला मोकळी जागा होईल, प्लग बदलताना कोपरं सोलणार नाहीत. सगळं खरं. अमेरिकेत कितीतरी जणांनी हे केलंय आणि त्यांच्या गाड्या छान चालतात. पण 1966 च्या मस्टँगला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. पुढच्या दोन रेल, त्यांवर उभे टॉवर, टॉवरला धरून असलेले एप्रनचे पत्रे आणि इंजिनामागची आडवी भिंत, म्हणजे फायरवॉल, हे सगळं मिळून वजन पेलतं. स्प्रिंगचं वरचं टोक टॉवरमध्ये टेकतं. त्यामुळे खड्ड्यातला दणका टॉवरमधून वर जातो आणि एप्रन, फायरवॉलमध्ये पसरतो. टॉवर गेला की तोच दणका रेलच्या हातभर तुकड्यावर येणार. आणि ही रेल कुठली? मामांनी गाडी वर्षानुवर्षं मिरामारच्या घरी उघड्या पडवीत ठेवली होती. समुद्राचं वारं सरळ अंगावर. मी छोट्या हातोडीने दोन्ही रेल ठोकत गेलो. बहुतेक ठिकाणी खणखणीत वाजतात, पण डाव्या रेलला बॅटरीखाली आवाज बद्द येतो. तिथला पत्रा बदलणार आहेच. पण अशा रेलवर अख्खं सस्पेन्शन टांगायला माझं मन घेत नाही.

दुसरं कारण कागदोपत्री आहे. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले, ते तू वाचले नसशील. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी त्यात बसते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, पण अट अशी की चॅसी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. टॉवर कापणं हा बॉडीशेलमधला फेरफार नाही असं कोणत्या तोंडाने सांगायचं? दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीची ही गाडी सरकारी एसटीसीच्या (स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) लिलावातून मुंबईला आली, तिथून मामांनी घेतली, जन्मभर जपली. तिच्या कागदांवर मला डाग नको आहे.

आता मी काय करतोय ते ऐक. या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मुळात फोर्डच्या फाल्कन या साध्या घरगुती गाडीवरून आलेलं. स्वस्तात बसवलेलं, पण मांडणी वाईट नाही. चुकतं एकाच जागी. चाकाला धरणाऱ्या वरच्या आर्मचा आतला पिव्हट, म्हणजे तो ज्यावर झुलतो तो सांधा, जास्त उंच आहे. फोर्डमध्ये क्लाउस आर्निंग नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी हिशेब मांडून दाखवलं की तो पिव्हट एक इंच खाली घ्या. 1965 च्या शेल्बी जीटी 350 मध्ये नेमकं हेच केलं. पुढे खर्च वाचवायला 1966 चं उत्पादन चालू असतानाच ते सोडून दिलं. म्हणजे उपाय त्याच काळातला, त्याच घरचा, आणि त्याला लागतात टॉवरला चार भोकं.

मला ते नुसतं वाचून पुरेना. अठरा मिलिमीटरच्या प्लायवर समोरून दिसतं तसं पूर्ण मापाचं चित्र काढलं. आर्म म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, बॉल जॉइंटच्या जागी नटबोल्ट, चाक म्हणून पुठ्ठा. पुठ्ठ्यावर उभी रेघ आणि तिच्यावर ओळंबा. मूळ भोकात पट्टी अडकवून चाक दोन इंच वर उचललं, तर रेघेचं वरचं टोक ओळंब्याच्या बाहेर गेलं. म्हणजे अनमोड घाटाच्या वळणावर गाडी बाहेर झुकते, ज्या चाकावर सगळा भार येतो तेच चाक बाहेर कलंडतं आणि टायर कडेवर चालतो. मग पट्टी एक इंच खालच्या भोकात घातली, तेवढंच उचललं. रेघ आत आली. सुहास, मी ती पट्टी किती वेळ वरखाली करत बसलो होतो! कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), इन्स्टंट सेंटर, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) हे आपण परीक्षेला पाठ केलं होतं. त्या प्लायवर ते बोटाखाली हललं. रोल सेंटरही या बदलाने वर येतं, त्यामुळे झुकणं रोखणारा जाड अँटीरोल बार घालायची घाई नाही.

भोकं पाडून झाली आहेत. एक इंच खाली आणि एक सूत (इंचाचा आठवा भाग) मागे. मागचं ते एक सूत कॅस्टरसाठी, म्हणजे चाकाच्या वळणअक्षाच्या मागच्या कलासाठी; त्याने स्टिअरिंग सोडलं की आपोआप सरळ यायला मदत होते. एक मिलिमीटरच्या पत्र्याचा फर्मा करून जुन्या भोकांना बोल्टने आवळला आणि त्यातून आधी बारीक ड्रिल, मग मोठं. जुनी भोकं तशीच ठेवली आहेत. उद्या कोणाला आर्म मूळ जागी बसवायचा असेल तर बोल्ट काढून बसवता येईल. गाडी यामुळे साधारण पाच सूत खाली बसते. आपल्याकडचे गतिरोधक बघता ते परवडणारं नाही, तेवढी उंची मी स्प्रिंगमध्ये परत घेणार.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र मनातून काढ. तू लिहिलंस की वरचे आर्म सीमलेस पाइपचे करून देतो. नको. या गाडीत स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते, आर्मच्या साधारण मध्यावर. कुंडईच्या वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून पाहिली, 700 किलोच्या आसपास भरली. एका कोपऱ्याला 350, त्यातून चाक, हब, ब्रेक वजा केले की 310 धर. स्प्रिंग मध्यावर, म्हणून तिच्यावर दुप्पट जोर, गाडी नुसती उभी असताना 620 किलो. खड्ड्यात तिप्पट झटका बसला तर दोन टनांच्या जवळ. हा सगळा भार आर्मला मधोमध वाकवतो. पाइप ओढायला-दाबायला उत्तम, असा वाकवायला नाही, आणि वेल्डिंगच्या कडेला तर मुळीच नाही. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर असते त्यांचे पाइपचे आर्म बघून आपण फसतो. म्हणून वरचा आर्म कंपनीचा, दाबीव पत्र्याचाच. नवे बॉल जॉइंट घालायचे, आर्मला डाय लावून चिरा तपासायच्या आणि पुढे जायचं. दोन्ही आर्म मी तपासले. लाल डाय, पुसणं, पांढरी फवारणी, मग टॉर्च धरून बघत बसणं. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली नाही तेव्हा जीव भांड्यात पडला.

तुझा हात हवा आहे तो स्प्रिंगच्या बैठकीला. वरच्या आर्मवर स्प्रिंग ज्या पाळण्यात बसते त्याला कंपनीने रबराचा बुश दिलाय. आर्म हलला की ते रबर पिळतं, अडतं, आणि जुनं झालं की कुरकुरतं. जुन्या मस्टँगची ती कुरकुर प्रसिद्धच आहे. लोक तिथे बेअरिंग घालतात. मला गनमेटलचा (कांस्याचा) बुश आणि ग्रीस निपल हवंय. तो सांधा पूर्ण फिरत नाही, थोडासाच मागेपुढे झुलतो, तेही एवढ्या भाराखाली. अशा ठिकाणी बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी खळगे पाडतात. त्यात आमचा पाऊस आणि तांबडी धूळ. उद्यमनगरातून चांगलं गनमेटल तुला सहज मिळेल. शाफ्ट ईएन 24 पोलादाचा, खांद्याला रेडियस ठेव, कोपरा तीक्ष्ण नको. मापं सोबतच्या कागदावर आहेत.

दुसरं काम स्ट्रट रॉडचं. खालच्या आर्मला पुढून धरणारा तो रॉड मूळ गाडीत जाड रबरात बसतो. ब्रेक मारला की रबर दबतं, चाक मागे सरकतं आणि कॅस्टर कमी होतो, नेमका जेव्हा हवा असतो तेव्हाच. तिथे लांबी बदलता येईल असा रॉड आणि टोकाला गोल सांधा करायचाय. सांध्याचा मध्य जुन्या रबराच्या जागीच पडला पाहिजे. दोन इंच मागे घेतलास तर रॉडचा कंस आणि आर्मचा कंस भांडतील आणि मधला बुश मरेल. आटे कापलेले नकोत, रोल केलेले हवेत. रॉड मोडला तर चाक चिखलपट्टीत जाऊन बसतं, तेव्हा इथे पैसे वाचवू नकोस. सांध्यावर रबरी बूट मी इथे बसवीन.

खालचे आर्म मी ठेवलेत, पण त्यांच्या उघड्या पोटाला तीन मिलिमीटरची पट्टी वेल्ड करून पेटीसारखे बंद केलेत. वेल्डिंग माझं नाही. मांडवीच्या काठी बार्ज बांधायच्या यार्डात आयुष्य गेलेले एक काका आहेत. खाणी 2012 मध्ये बंद पडल्या, परत सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हापासून ते गेटं आणि ग्रिलं करतात. असा हात ग्रिलांवर वाया जातोय याचं मला फार वाईट वाटतं. 7018 चे वेल्डिंग रॉड त्यांनी भट्टीत तापवून, गरम डब्यात घालून आणले. इथल्या दमट हवेत रॉड तासभर उघडा राहिला तर फेकून दे म्हणाले. आधी समोरासमोर टाके, मग दोन-दोन इंचांचे तुकडे, एकदा या टोकाला, एकदा त्या. आर्म पिळला जाऊ नये म्हणून जाड प्लेटवर आवळून ठेवला होता आणि पूर्ण थंड होईपर्यंत त्यांनी मला क्लॅम्पला हात लावू दिला नाही. सोडल्यावर कोन मोजला, काही सरकलं नव्हतं. टाक्याची लहर एका अंतराने पडलेली, बघत राहावी अशी. त्यांना पैसे विचारले तर म्हणाले, गाडी चालू झाली की एकदा बेतीच्या फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत नेऊन आण.

स्प्रिंगचा हिशेब तू तपासून दे. मला चाकाशी 1.3 हर्ट्झ (सेकंदाला तेवढे झोके) हवेत, म्हणजे 310 किलोला चाकापाशी साधारण 20.7 न्यूटन प्रति मिलिमीटर. स्प्रिंग मध्यावर म्हणून गुणोत्तर अर्धं, आणि ते वर्गाने लागतं, तेव्हा स्प्रिंग चौपट, 83 च्या आसपास. मूळ स्प्रिंग याहून बऱ्याच नरम आहेत. अमेरिकेतल्या लांब सरळ हायवेला त्या ठीक. आपल्या रस्त्याला 83 जास्त होईल असं तुला वाटत असेल तर स्पष्ट लिही, मी 70 पर्यंत यायला तयार आहे. शॉकअप त्यानंतर ठरवू.

अलाइनमेंट घरीच करणार. शेडची जमीन उंचसखल आहे, म्हणून गवंड्याकडून पाण्याची नळी आणून चारी चाकांखालच्या जागा एका पातळीत घेतल्या, कमी तिथे फरशीचे तुकडे सारले. पुढच्या चाकांखाली दोन गुळगुळीत फरश्या आणि मध्ये ग्रीस, म्हणजे चाक मोकळं वळतं. दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणल्या की टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते, पट्टीने मोजता येतो. जुन्या पुस्तकातले आकडे त्या काळच्या क्रॉस-प्लाय टायरचे आहेत. रेडियल टायरला मी कॅस्टर 3 अंश, कॅम्बर उणे अर्धा, टो-इन एक सूत धरणार. कॅस्टरसाठी चाक 20 अंश आत, 20 अंश बाहेर वळवून कॅम्बरमधला फरक दीडने गुणायचा, अर्ध्या अंशाच्या आत बरोबर येतं.

राहिला बंप स्टिअर. पिव्हट खाली आला की चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कंस आणि आर्मचा कंस पूर्वीइतके जुळत नाहीत, आणि चाक वरखाली होताना आपोआप थोडं वळतं. हे मोजल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणार नाही. स्प्रिंग न घालता, हबला सपाट प्लेट लावून, जॅकने अर्धा-अर्धा इंच उचलत दोन डायल गेजचं वाचन घ्यायचं. एकाने जॅक, एकाने वही. हे काम तुझ्याबरोबरच करायचं म्हणून ठेवलंय.

तेव्हा दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार काढ. बुश आणि रॉड तयार झाले नाहीत तरी ये, बंप स्टिअरला ते लागत नाहीत, मूळ रॉड लावून मोजू. आंबोलीमार्गे आलास तर सावंतवाडीपासून फोन कर, मी पत्रादेवीला येऊन थांबेन. येताना मॅग्नेटिक स्टँडसह तुझे दोन्ही डायल गेज घेऊन ये आणि काकूंकडून मिरच्यांचा ठेचा. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. स्प्रिंगच्या आकड्याचं मात्र पत्रानेच कळव, ऑर्डर त्याच्यावर अडली आहे.

तुझा,
दिनू