पॉवर वीडरची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

दि. २ ऑगस्ट २०२५

विषय : गिअर बॉक्स सात तासात गेला, वॉरंटी नाकारली, मशीन ५६ दिवस बंद

सर/मॅडम,

बिलाची कॉपी, मशीनचा नंबर आणि सगळे फोटो मेलला जोडलेत, त्यामुळे ते परत मागू नका, याआधी तीनदा पाठवून झालंय.

आमची भोर तालुक्यात २२ गुंठे जमीन आहे, सासऱ्यांच्या वाटणीची. मी पुण्यात नोकरी करते, शनिवार-रविवार शेतावर जाते. तीन लहान तुकडे आहेत, मधे बांध, तिथे ट्रॅक्टर आत शिरला तरी वळत नाही, आणि गावात बैलजोड्या आता दोनच राहिल्यात, त्यांची वाट बघत बसावं लागतं. म्हणून ३ मे ला तुमच्या डीलरकडून ७ एचपीचा पेट्रोल वीडर, म्हणजे तण काढायचं आणि मशागतीचं छोटं मशीन, घेतला, ४६,५०० रुपये, सगळे रोख. डीलरच्या पोराने इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल आमच्यासमोर भरलं, दहा मिनिटं चालवून दाखवलं आणि गेला.

१० मे ला वळवाच्या पावसानंतर वरच्या तुकड्यात चालवला. इंजिनबद्दल माझी काहीच तक्रार नाही हे आधीच सांगते, दोरी ओढली की दुसऱ्या झटक्यात सुरू होतं, ताकदही चांगली आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत मशीनखाली जो खोक्याचा पुठ्ठा टाकला होता त्यावर बशीएवढा काळपट डाग. बोट लावून वास घेतला तर तो गिअर ऑइलचा उग्र वास, इंजिन ऑइलला तसा येत नाही. ब्लेड काढून बघितलं तर डाव्या बाजूला शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे ओलं होतं आणि त्यावर मातीचा थर बसलेला. १७-१८ मे ला परत चालवला, परत तसाच डाग, यावेळी मोठा.

१९ मे ला तुमच्या कस्टमर केअरला फोन केला. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ऐका. आधी "मॅडम, सरांना फोन देता का" झालं, मशीन माझ्या नावावर आहे म्हटल्यावर उत्तर मिळालं की नवीन मशीनला थोडं तेल येतंच, सील (शाफ्टभोवतीचं तेल अडवणारं रबरी कडं) सेट झालं की थांबेल, तोपर्यंत वापरा. तुम्ही वापरा म्हटलं म्हणून मी वापरलं.

पुढे यंदाचा पाऊस कसा आला ते तुम्हालाही माहीत आहे, मे च्या शेवटच्या आठवड्यातच मान्सून, रानात पाय टाकता येईना, वाफसाच नाही, म्हणजे मशागतीजोगी ओल. जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडीप मिळाली आणि मृगाच्या तोंडावर, ७ जूनला शनिवारी, जमीन एकदाची वापशावर आली. सकाळी मशीन काढलं, चाळीस मिनिटं चाललं असेल, गिअर बॉक्समधून खडखड आवाज आला आणि ब्लेड जागेवर अडकले, इंजिन चालू पण रोटर फिरेना. तिथूनच शेतात उभं राहून तक्रार नोंदवली, ४८ ते ७२ तासात माणूस येईल असं सांगितलं. शेजारच्या तात्यांच्या हातापाया पडून दुपारी बैल मिळवले, पाळी घालून ८ तारखेला १४ गुंठे भुईमूग पेरला. तात्यांनी आपलं रान बाजूला ठेवून आमचं केलं, त्यांचे २,००० रुपये दिले पण तो उपकार पैशात फिटत नाही.

तुमचा माणूस आला १८ जूनला, अकराव्या दिवशी, तोही बुधवारी, मला रजा टाकावी लागली. माणूस प्रामाणिक होता, त्याच्यावर राग नाही. त्याने माझ्यासमोर ब्लेड काढले, कव्हर काढलं आणि ते सील हातात दिलं. रबराची आतली कड एका बाजूने दुमडलेली होती आणि आतली बारीक गोल स्प्रिंग खोबणीतून निघून बाहेर लोंबत होती. त्याच्या तोंडून निघालं की हे बसवतानाच वाकडं बसलंय. शाफ्टला गवत, दोरी, ठिबकची नळी काहीही गुंडाळलेलं नव्हतं, ते त्याने स्वतः बघितलं, फोटो क्रमांक ४ आणि ५ मध्ये स्वच्छ दिसतंय. मग म्हणाला मशीन सेंटरला न्यावं लागेल, टेम्पो तुमचा. १,२०० रुपये गेले.

५ जुलैला सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट आला, ऑइल लेव्हल कमी असताना मशीन चालवल्यामुळे गिअर खराब, चुकीचा वापर, वॉरंटी लागू नाही, खर्च ११,८४० रुपये. मला सांगा ऑइल कमी झालं कशामुळे? तुमच्याच सीलमधून गळून गेलं म्हणून ना? आणि गळतंय हे मी १९ मे ला सांगितलं होतं की नाही? तुमच्या पुस्तकात लिहिलंय की गिअर ऑइल दर ५० तासांनी तपासा, माझं मशीन आठ तासही चाललेलं नाही. ग्राहकाने आधी कळवायचं, तुम्ही वापरा म्हणायचं, आणि नंतर वापरलं म्हणून वॉरंटी रद्द करायची, हा कुठला न्याय.

यानंतर मी वरच्या अधिकाऱ्यांशी बोलायला मागितलं. २४ जुलैला ज्यांनी फोन घेतला त्यांनी आधी सांगितलं की पैसे भरले तरी पार्ट सध्या उपलब्ध नाही, आणि मग म्हणाले, "मॅडम, तुमची तर हौसेची शेती आहे, एवढी घाई कशाला?" हे वाक्य मला फार लागलं. हौस असली तरी भुईमूग आमच्या शनिवार-रविवारची वाट बघत नाही. पेरणीपासून पहिले पाच-सहा आठवडेच काय ती कोळपणी, म्हणजे ओळींमधलं तण काढणं, करायची असते, एकदा आऱ्या (फुलांतून निघणारे, पुढे शेंगा धरणारे देठ) सुटून जमिनीत शिरायला लागल्या की रानात कोळपंही घालत नाहीत आणि वीडरही नाही, आऱ्या तुटल्या तर शेंगा कशा धरणार. आमच्या भुईमुगाला आज ५५ दिवस झाले. म्हणजे ज्या कामासाठी मी ४६,५०० मोजले ते काम या हंगामापुरतं संपलं, उद्या मशीन दुरुस्त करून दिलंत तरी नुसतं पडवीत उभं राहणार. तण मी सहा बायका दोन दिवस लावून काढलं, ३५० रुपये रोज, ४,२०० रुपये, आणि त्यांच्या बरोबरीने मीही पावसात बसून खुरपलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. संपूर्ण गिअर बॉक्स वॉरंटीत नवीन बसवून द्या, जुन्यालाच ठोकठाक करून नको, आणि ते ऑगस्टअखेर जमणार नसेल तर मशीन परत घेऊन पूर्ण पैसे द्या. बैल, टेम्पो आणि खुरपणीचे मिळून ७,४०० रुपये झालेत ते द्या. "चुकीचा वापर" हा शेरा रिपोर्टमधून काढून तसं लेखी कळवा, कारण वॉरंटी सहा महिन्यांची आहे आणि हा शेरा राहिला तर पुढच्या प्रत्येक तक्रारीला तुम्ही तोच दाखवणार. आणि डीलरकडे मशीन देण्याआधी अर्धा तास चालवून खाली पुठ्ठा टाकून बघायला सांगा, माझ्यासारखंच अजून कोणाकडे गेलं असेल तर निदान त्यांची पेरणी तरी अडणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसात लेखी उत्तर हवं, फोन नको. नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करणार आणि पुण्यात जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथेच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, हे सगळं विचारून ठेवलंय. ते सील मी जपून ठेवलंय, डबीत, तारीख लिहून. तुमच्या माणसाने परत मागितलं होतं, मी दिलं नाही आणि देणारही नाही.

ऑक्टोबरमध्ये भुईमूग काढला की त्याच रानात हरभरा करायचाय. त्या मशागतीला मशीन शेतात पाहिजे.

कळावे,
आपली ग्राहक