बाबांची बारा तासांची ड्युटी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवल्यापासून बाबांच्या ब्लडप्रेशरचा १६८/१०२ हा आकडा डोळ्यांसमोरून हलत नाही. आई, तू लगेच लोणचं-पापड बंद केलंस. बरं केलंस, दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम छोटा चमचाभर मीठ पुरे. पण सगळा दोष त्या बरणीवर टाकू नकोस.

बाबा, तुमची वॉचमनची ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ, आठवड्याचे सहा दिवस. ७२ तास झाले! कारखान्यात ४८ होते, वर ओव्हरटाइमला दुप्पट पगार. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना, ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. त्यात तुमची रात्रपाळी. रात्रीच्या झोपेत प्रेशर १० ते २० टक्के उतरतं, तेवढाच रक्तवाहिन्यांना विसावा. तुम्ही तेव्हा हॉर्न वाजला की गेट उघडायला उठता. सकाळी घरी येऊन पडावं, तर खाली भाजीवाला ओरडतो, वरच्या मजल्यावर मिक्सर.

दिवाळीत डबा घेऊन केबिनवर आले होते, तेव्हा तुमच्या खिशातली गोळ्यांची पट्टी पाहिली. अख्खी होती. "गोळी घेतली की सारखं लघवीला लागतं गं, गेट सोडून कसं जाऊ?" तुम्ही म्हणालात. मला तेव्हा काही बोलवलंच नाही. बाबा, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. ते गोळी बदलतील, नाहीतर वेळ बदलून देतील. आपल्या मनाने बंद नका ठेवू.

दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी निवांत मोजलेलं प्रेशर ड्युटीवरचं खरं सांगत नाही. म्हणून ड्युटीला निघताना आणि परतल्यावर मोजा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत बसायचं, दोनदा मोजून वहीत लिहायचं. ती वही डॉक्टरांना दाखवा.

आणि सुपरवायझरकडे आठ तासांची दिवसपाळी मागा. पगार कमी होईल, तेवढे मी दर महिन्याला पाठवीन. माझ्या फीसाठी तुम्ही डबल ड्युटी केलीत, तेव्हा मला कुठे विचारलं होतंत?

मशीन कुरिअर केलंय, शनिवारी मिळेल. आई, पट्टा उघड्या दंडावर बांध हं, सदऱ्यावरून नको. पहिला आकडा आला की लगेच फोन कर.

तुमची,
ताई