बंड्याला पत्र : छोटं ब्रेड मशीन आणि आबांचे चार स्लाइस

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "ब्रेड मशीन घेऊ का? आणि घेतलं तर छोटं घेऊ की मोठं?" मी तोंड उघडायच्या आत तुला कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवावा लागला. म्हटलं, हे पाच मिनिटांत सांगून संपणारं नाही, लिहूनच काढू. इकडं चार दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय. ओट्यावर मशीन सुरू आहे, पीठ फुगायची वेळ चाललीय, म्हणून घर शांत आहे. निवांत लिहितो.

छोटंच घे. तुम्ही घरात दोघंच, आम्ही तिघं. माझ्या मशीनमध्ये एका वेळी २५० ग्रॅम पीठ जातं आणि चारशे ग्रॅमच्या आसपासचा ब्रेड निघतो. त्याचे बारा स्लाइस होतात. दोन दिवसांत संपतात, आणि घरच्या ब्रेडला दोनच दिवस चांगले असतात. त्यात टिकाऊपणासाठी काही घातलेलं नसतं, त्यामुळं आपल्या पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशीची पांढरी टिकली दिसलीच म्हणून समज. मोठं मशीन घेऊन अर्धंच पीठ घालू, असा विचार माझ्याही डोक्यात आला होता. शेजारच्यांचं किलोचं मशीन आणून करून पाहिलं. पातं मधे फिरत राहिलं, पीठ कोपऱ्यांत कोरडं बसलं, आणि निघाला तो आडवा, बसका, दोन बोटं उंचीचा ठोकळा. मोठ्या भांड्यात थोडं पीठ नीट मळलंच जात नाही.

आता मी या वाटेला का लागलो ते सांगतो, कारण तुला ते माहीत नाही. गेल्या दिवाळीनंतर आबांचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. लोणचं सुटलं, पापड सुटला, भाजीत मीठ निम्मं झालं. पण सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन असे ब्रेडचे चार स्लाइस ही आबांची चाळीस वर्षांची सवय. ब्रेड गोडसर लागतो, म्हणून त्यातल्या मिठाकडं आमचं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. एका रात्री मी हिशेब मांडला. २५० ग्रॅम पिठाला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ लागतं. बारातले चार स्लाइस खाल्ले की त्यातलं १.७ ग्रॅम पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे दिवसाच्या मापातला तिसरा हिस्सा नुसत्या ब्रेडनंच संपला. ब्रेड बंद करा असं आबांना सांगायची माझी छाती होईना. एकेक करून त्यांच्या ताटातलं सगळंच काढून घेतोय असं वाटत होतं. म्हणून मशीन आणलं.

मशीन आतून साधंच आहे. एक भांडं, तळाला फिरणारं पातं, भोवती तापणारी तार आणि कधी काय करायचं ते ठरवणारं छोटं डोकं. मळायचं, झाकून फुगू द्यायचं, एकदा हवा काढायची, परत फुगू द्यायचं, मग भाजायचं. साध्या ब्रेडला तीन-साडेतीन तास लागतात, गव्हाच्या पिठाला त्याहून जास्त. १९८० च्या दशकात जपानच्या मात्सुशिता कंपनीनं घरगुती मशीन काढायला घेतलं तेव्हा त्यांचा ब्रेड नीट होईना. शेवटी त्यांच्यातली इकुको तानाका नावाची एक इंजिनिअर ओसाकातल्या हॉटेलात तिथल्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेली. पीठ मळताना तो नुसतं फिरवत नाही, ओढून पीळही देतो, हे तिच्या लक्षात आलं आणि त्यावरनं भांड्याची आतली रचना बदलली. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या आयांच्या हाताला जे कळतं, ते मशीनला कुणीतरी बसून शिकवावं लागलं.

पण एक गोष्ट मशीनला अजूनही कळत नाही, आणि हे पत्र मी खरं तर तेवढ्यासाठी लिहितोय. तू कुठलं पीठ घातलंस ते त्याला कळत नाही. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं, २५० ग्रॅम पिठाला १६० मिली पाणी. मैद्याला ते बरोबर बसतं. मी पहिल्याच दिवशी आपल्या गिरणीतनं दळून आणलेलं लोकवनचं पीठ घातलं, पुस्तकाबरहुकूम पाणी घातलं, झाकण लावलं आणि मंडईत निघून गेलो. परत येऊन बघतो तर भाजलेली वीट! सुरी जाईना. गिरणीच्या जात्यात पीठ बारीक होताना त्यातला स्टार्च चिरडला जातो, वर कोंडाही सगळा असतो, आणि दोन्ही पाणी ओढतात. त्या पिठाला १९० ते २०० मिली पाणी लागतं. चपातीची कणीक भिजवताना बायका हे हातानंच ओळखतात. मशीनच्या बाबतीत ते ओळखायचं काम आपलं.

ते कसं, ते सांगतो. मळणं सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला झाकण उघड. त्या टप्प्याला उघडलं तर काही बिघडत नाही. भाजताना मात्र उघडू नकोस. आत एकच गोळा फिरत असला पाहिजे, गुळगुळीत, कानाच्या पाळीइतका मऊ. तो भांड्याच्या भिंतीला किंचित चिकटतो आणि फिरता फिरता पुन्हा सुटतो. बोट लावलं की बोटाला ओल जाणवते, पण पीठ बोटाबरोबर येत नाही. गोळ्याला भेगा दिसल्या, पातं अडखळून टक टक वाजायला लागलं, तर चमचाभर पाणी सोड आणि दोन मिनिटं थांब. आणि तळाशी थापल्यासारखं पसरत असेल तर चमचाभर पीठ भुरभुर. एकदम ओतू नकोस. मी मोबाईलची बॅटरी लावून आत बघतो, तर आबाही काठी टेकत येऊन माझ्या खांद्यावरनं डोकावतात आणि म्हणतात, "सुटला गोळा." हे दोन शब्द ऐकले की माझा जीव भांड्यात पडतो.

सध्या पावसामुळं पीठच ओलसर झालंय, म्हणून मी दहा-पंधरा मिली पाणी कमी घालतो. एप्रिल-मेमध्ये उलटं. तेव्हा फ्रिजमधलं गार पाणी घाल, कारण मळता मळता पीठ गरम होतं आणि भराभर फुगून नंतर बसतं. वजनकाटा मात्र घेच. मशीनइतकाच तो महत्त्वाचा. वाटीनं मापलेलं पीठ दाबून भरलं की सैल भरलं यातच तीस-चाळीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि इतक्या छोट्या ब्रेडला तेवढा फरक सोसत नाही.

आता आबांचा ब्रेड. १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम गिरणीचं पीठ, १७० मिलीच्या आसपास पाणी, किसलेला गूळ एक चमचा पाण्यात विरघळवून, शेंगतेल दोन चमचे, मीठ फक्त २ ग्रॅम आणि यीस्ट अर्धा चमचा. आधी पाणी-तेल, त्यावर पीठ, एका कोपऱ्यात मीठ आणि सगळ्यात वर, कोरड्या पिठात खळगा करून यीस्ट. बहुतेक मशीनला हाच क्रम, पण तुझ्या मशीनच्या पुस्तकात उलटा असेल तर त्याचं ऐक. यीस्ट अर्धा चमचाच का, तर मीठ नुसतं चवीला नसतं, ते यीस्टला आवर घालतं आणि पिठाला ताण देतं. मी सुरुवातीला मीठ कमी केलं आणि यीस्ट पाऊण चमचा तसंच ठेवलं. ब्रेड झाकणापर्यंत फुगला आणि भाजताना मधोमध खचला, वर हा खड्डा! आबांनी तोही काही न बोलता खाल्ला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. मग यीस्ट कमी केलं, पाणी दहा मिली उतरवलं, आणि माथा गोल आला. आता चार स्लाइसमधनं पाऊण ग्रॅमच्याही आत मीठ जातं. आणि हो, कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असला किंवा बीपीच्या काही गोळ्या सुरू असल्या तर ते बाधतं.

नुसत्या गव्हाचा हवा असेल तर पीठ आणि पाणी पाच मिनिटं मळून मशीन बंद कर, अर्धा तास झाकून ठेव, मग मीठ-यीस्ट घालून पहिल्यापासून सुरू कर. कोंडा भिजला की पिठाला ताण येतो. मैद्याइतका फुगणार नाही, पण चव फार छान. खपलीचा नाद मात्र सोड. आत्यानं सांगितलं म्हणून करून पाहिला, पण त्या गव्हातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारा चिकट भाग, नाजूक, हवा धरून ठेवत नाही. खपली आपल्या हुग्गीलाच, गव्हाच्या खिरीलाच, शोभते.

विकत घेताना काय बघायचं? एक म्हणजे भांडं आणि पातं सुटं विकत मिळतं का, हे आधी विचार. पात्याच्या दांड्याखालचं रबर काही वर्षांनी झिजतं आणि पाणी झिरपायला लागतं. भाग मिळाला नाही तर अख्खं मशीन अडगळीत. दुसरं, लाईट गेल्यावर काय होतं? काही मशीन दहा-एक मिनिटं कुठं थांबलो होतो ते लक्षात ठेवतात, काही लगेच विसरतात. माझं विसरतं. जूनमध्ये ऐन फुगताना लाईट गेली. पातं काढून गोळा तेल लावलेल्या डब्यात ठेवला, आणि तासाभरानं जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, झाकण लावून गॅसवर भाजला. चांगला झाला. तेव्हा अशा वेळी पीठ टाकून देऊ नकोस. तिसरं, तुझी भाची अमेरिकेतनं आणते म्हणाली ना, तिला नको म्हणून सांग. तिकडची मशीन १२० व्होल्टची, आपल्याकडं २३० व्होल्ट. तापणाऱ्या वस्तूला तेवढा भार उचलणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो मशीनइतकाच जड. विजेची काळजी करू नकोस. माझं मशीन ५५० वॅटचं आहे, पण तार खरी तापते ती शेवटचा तासभर. एका ब्रेडला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज जाते.

रात्री टायमर लावून सकाळी ताजा ब्रेड मिळतो, पण त्या दिवशी दूध-अंडं घालू नकोस, रात्रभर बाहेर राहून नासतं. यीस्टचं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. ब्रेड मात्र फ्रिजमध्ये नको. तिथल्या गारव्यात तो बाहेरपेक्षा लवकर वाळका होतो. उरला तर स्लाइस करून थेट फ्रीझरमध्ये, आणि तव्यावर गरम.

वहिनी म्हणत होत्या की बेकरीच्या ब्रेडमध्ये ब्रोमेट, म्हणजे ब्रेड चांगला फुगावा म्हणून पिठात घालायचं रसायन, असतं. ती भीती जुनी आहे. पोटॅशियम ब्रोमेटला आपल्याकडं २०१६ मध्येच बंदी आली. मी बेकरीवर रागावून मशीन घेतलेलं नाही. लादी पाव अजूनही कोपऱ्यावरनंच आणतो. तो घरी तसा जमत नाही.

आणि तुझ्या मनातलं मला ठाऊक आहे. इतकी वर्षं नाशकात राहून तू मिसळ पावाबरोबर खातोस, आणि दर वेळी आपला चौकोनी ब्रेड आठवतो म्हणतोस. या छोट्या मशीनचा ब्रेड उभा आणि चौकोनी निघतो. भाजून झाला की लगेच भांड्यातनं काढ, जाळीवर तासभर गार होऊ दे, मगच काप. गरम कापलास तर आत चिकट लागतो. मिसळीसाठी बोटभर जाड काप. पातळ स्लाइस कटात विरघळतो. जाड असला की खालची बाजू कट पिऊन लाल होते आणि वरची हातात धरायला कोरडी राहते. गेल्या रविवारी कमी मिठाचा कट केला, लिंबू जरा जास्त पिळलं, आणि आबांनी कितीतरी महिन्यांनी मिसळ खाल्ली. स्लाइसचा कोपरा बुडवला, थेंब निथळू दिला, तोंडात घातला आणि डोळे मिटून बसले. ही पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

तळाला पात्याचं भोक पडतं, त्याला इलाज आहे. शेवटचं फुगणं सुरू व्हायच्या आधी ओल्या हातानं गोळा उचलून पातं काढून घ्यायचं. आमच्याकडं मी काढत नाही. भोकाचा स्लाइस आबांना हवा असतो, त्यात ते साय भरतात.

मशीन आलं की पहिला ब्रेड नुसत्या मैद्याचा कर, आणि दहाव्या मिनिटाला गोळ्याचा फोटो काढून मला पाठव. मी इथं आबांना दाखवतो. पाणी किती वाढवायचं ते तेच सांगतील.

तुझा,
बाळ्या

ता. क. मशीन शिटी देतंय. मी उठतो.